बोट दिसायला ठीक होतं: पिकलिंग पेस्ट, एक नख आणि दहा तास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचं आहे. त्याची आणि त्याच्या आईची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. उपचारांचा क्रम, वेळा आणि माझ्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या एका गल्लीत माझा दवाखाना आहे. खाली दवाखाना, वर घर. माझे बरेचसे रुग्ण जुन्या मराठी घरांतले. त्यांची मुलं आता मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत, नंदेसरीला, नाहीतर हालोलकडे कामाला जातात. हा मुलगा वाडी भागातला, वय २६, घरी आई आणि मामा. मकरपुऱ्यात स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या एका छोट्या शेडमध्ये तो हेल्पर होता. शेठ धरून माणसं आठ.

टिग पद्धतीचं वेल्डिंग झालं की सांध्याच्या दोन्ही बाजूंना निळसर-काळा पट्टा उमटतो. तो नुसता डाग नसतो. तिथल्या पृष्ठभागातलं क्रोमियम जळून कमी झालेलं असतं आणि तसंच सोडलं तर स्टेनलेस म्हणवणारं स्टीलही तिथे गंजतं. म्हणून सांध्यावर पिकलिंग पेस्ट मारतात: पांढरट, दाट, आइस्क्रीमच्या डब्यासारख्या प्लास्टिकच्या डब्यात येणारी. ब्रशने लावायची, थोडा वेळ ठेवायची, भरपूर पाण्याने धुवायची. सांधा चांदीसारखा निघतो. या पेस्टमध्ये मुख्यतः नायट्रिक अ‍ॅसिड असतं आणि त्याच्या जोडीला थोडं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड. शेडमधल्या मुलांना पहिलं नाव ठाऊक होतं. दुसरं कुणी ऐकलेलंही नव्हतं.

त्या दिवशी काय झालं

जूनचे शेवटचे दिवस, पाऊस लांबलेला, पत्र्याच्या शेडखाली जीव नकोसा झालेला. दुपारी साडेतीनच्या सुमारास तो पेस्ट मारायला बसला. शेडमध्ये जाड रबरी हातमोजे होते, पण ते घालून टाकीच्या आतल्या कोपऱ्यात ब्रश नीट फिरत नाही, म्हणून त्याने दवाखान्यात वापरतात तसले पातळ हातमोजे घातले. वेल्डिंगच्या कडेला घासून तर्जनीच्या टोकाशी बारीकसं भोक पडलं असावं. घामाने आतून हात ओलाच होता, त्यामुळे आणखी काही ओलं लागल्याचं त्याला कळलं नाही. साधारण तासाभराने काम संपलं. मोजे काढले, साबणाने हात धुतले, चहा घेतला. आग नाही, दुखणं नाही, डाग नाही.

रात्री साडेआठला जेवताना तर्जनीचं टोक ठणकायला लागलं. त्याला वाटलं, स्टीलची कूस गेली असेल. आईने सुई तापवून पाहिलं, काही सापडलं नाही. मग हळद-तेलाचा लेप. तोही सहन होईना, म्हणून बर्फाच्या पाण्यात हात. साडेनऊपर्यंत मधलं बोटही ठणकू लागलं.

सव्वादहाला मामा त्याला जवळच्या एका नर्सिंग होममध्ये घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी बोट पाहिलं: नखाच्या कडेला थोडी सूज, लाली, हळदीने पिवळं झालेलं. निदान झालं नखुरडं. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, वर भाजल्यावरचं पांढरं मलम, आणि पू धरला तर सकाळी चिरा देऊ असं सांगून घरी पाठवलं.

या निदानाला मी नावं ठेवणार नाही. नखाशी ठणका, रात्री वाढणारा, हाताने काम करणारा तरुण: शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते नखुरडंच असतं. त्यात हळदीने एक खूण झाकली होती. नायट्रिक अ‍ॅसिड कातडीतल्या प्रथिनांना लागलं की कातडी पिवळी पडते आणि तो पिवळेपणा धुऊन जात नाही. हळद नसती, तर कदाचित कुणी विचारलं असतं, हे पिवळं कशाने?

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मामांचा फोन आला. "डॉक्टरबाई, पोरगं भिंतीवर हात आपटतंय. एवढाले डोळे करून रडतंय. आणि बोटाला तर काहीच झालेलं दिसत नाही हो."

अडचण काय होती

या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली. बोट ठीक दिसतंय आणि सव्वीस वर्षांचा काम करणारा मुलगा रडतोय, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. मी फोनवरच विचारलं, "आज दिवसभर त्याच्या हातात काय काय होतं?" मामांनी फोन त्याच्याकडे दिला. तो म्हणाला, "मॅडम, टाकीला पेस्ट मारली. दुसरं काही नाही."

हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड इतर अ‍ॅसिडांसारखं वागत नाही. सल्फ्युरिक किंवा नायट्रिक कातडीला लागलं की तिथल्या तिथे जाळतं, लगेच आग होते, माणूस नळाकडे धावतो. हायड्रोफ्लोरिक रसायनशास्त्राच्या हिशोबाने दुबळं अ‍ॅसिड आहे, आणि तोच त्याचा धोका. त्याचे बरेचसे रेणू न तुटता राहतात, अखंड रेणू कातडीतल्या चरबीच्या थरातून सहज आत झिरपतो, आणि खोलवर गेल्यावर फ्लोराइड सुटं होतं. ते दिसेल त्या कॅल्शियमला आणि मॅग्नेशियमला धरतं. पेशींचा कारभार कोलमडतो, पेशींमधलं पोटॅशियम बाहेर सांडतं, मज्जातंतू पेटतात. वरची कातडी मात्र जवळजवळ जशीच्या तशी.

बडोद्याच्या माणसाला हे समजावायला माझ्याकडे जवळचं उदाहरण आहे. आपल्या पूर्वेला, छोटा उदेपूर जिल्ह्यात, आंबाडुंगरला फ्लोरस्पारचा साठा आहे. फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडचा दगड. कारखान्यात असल्या दगडावर सल्फ्युरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया करून त्यातलं कॅल्शियम वेगळं पाडतात आणि फ्लोराइडचं हे अ‍ॅसिड बनवतात. ते शरीरात शिरलं की आपलं हरवलेलं कॅल्शियम परत मिळवतं: पेशींमधून, रक्तातून, शेवटी हाडातून. बोटात पुन्हा तोच दगड बनायला लागतो.

लक्षणं किती उशिरा येतील हे अ‍ॅसिड किती तीव्र आहे त्यावर ठरतं. ५० टक्क्यांच्या वर असेल तर लगेच आग होते. २० ते ५० टक्क्यांमध्ये एक ते आठ तासांनी. २० टक्क्यांच्या खाली असेल तर कधीकधी चोवीस तासांपर्यंत काही कळत नाही. पेस्टमधलं प्रमाण कमी, म्हणून त्याचा चहा सुखात झाला.

पावणेदोनला ते दवाखान्यात आले. हळद आणि मलम धुऊन काढल्यावर बोटं खरी दिसली. मधलं बोट नुसतं लाल. तर्जनीच्या टोकाला चवलीएवढा पांढराफटक, मेणासारखा डाग, नखाची कड सुजलेली, आणि नखाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शाखाली करडी-निळसर छटा. ही छटा पाहून मला काळजी वाटली. अ‍ॅसिड नखाखाली गेलं होतं.

शेडमधल्या दुसऱ्या मुलाला फोन करून डब्याचा फोटो मागवला. शेठना आधी उठवलं होतं. ते म्हणाले, त्यात काही नसतं, सगळे रोज वापरतात. फोटो आला तेव्हा लेबलचा अर्धा भाग पेस्टनेच खाल्लेला होता. उरलेल्या बारीक अक्षरांत नायट्रिक अ‍ॅसिड आणि त्याखाली हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड, पाच टक्क्यांच्या आसपास, एवढं वाचता आलं.

समोर असलेले पर्याय

पहिला मार्ग म्हणजे कडक वेदनाशामक देऊन सकाळची वाट पाहणं. तो मी लगेच सोडला. प्रत्येक तासाला फ्लोराइड आणखी खोल जातं, आणि बोटाच्या टोकाला कातडीपासून हाडापर्यंत अंतर ते किती.

दुसरा, बोटाच्या मुळाशी भूल देणं. मुलगा हात जोडून तेच मागत होता, आई रडत होती, आणि भुलेची बाटली माझ्या हाताशी होती. त्या रात्रीचा सगळ्यात अवघड क्षण हाच. या जखमेत दुखणं हेच मोजमाप असतं: कॅल्शियम फ्लोराइडपर्यंत पोहोचलं की ठणका उतरतो, पोहोचलं नाही तर चालू राहतो. बोट बधिर केलं की उपचार लागू पडतोय की नाही हे सांगणारं काहीच उरत नाही. काही डॉक्टर आता भूल देतात आणि त्यांचीही बाजू आहे. वेदनेने तडफडणाऱ्या माणसावर उपचार करणं सोपं नसतं. पण माझ्यासारख्या छोट्या दवाखान्यात, जिथे दुसरं मोजमाप नाही, तिथे मी नको म्हणाले. त्याला सांगितलं, "तुझा ठणका मला सांगणार आहे की औषध पोहोचलं का. थोडा वेळ मला तो हवा आहे. मी इथेच बसते तुझ्याजवळ." शिरेतून ट्रॅमाडॉल दिलं. त्याने धार थोडी बोथट झाली, एवढंच.

तिसरा पर्याय कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल वरून चोळणं. चौथा, तेच औषध बारीक सुईने जखमेखाली टोचणं. मांडीवर, दंडावर ते जमतं, पण बोटाच्या टोकात जागाच नसते. जास्त द्रव भरला तर आतला दाब वाढून रक्तपुरवठा अडतो. आणि पाचवा, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवणं.

मी तिसरा निवडला आणि पाचवा लांबवला. त्याबद्दल पुढे लिहिते.

काय केलं

जेल तयार मिळतं, पण रात्री दोन वाजता आमच्या भागात कुठून आणणार. औषध मात्र माझ्या कपाटात होतं, वेगळ्याच कारणासाठी ठेवलेलं. या जागेत पूर्वी बाळंतपणं व्हायची. आता होत नाहीत, तरी झटके येणारी गरोदर बाई दारात आलीच तर मॅगसल्फ, म्हणजे झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट, देऊन पुढे पाठवता यावं म्हणून मी ते ठेवते, आणि त्याचा उतारा म्हणून सोबत कॅल्शियम ग्लुकोनेटच्या अँप्यूल. मुदत तपासली. १० टक्क्यांची १० मिलीची एक अँप्यूल, ३० मिली पाण्यात विरघळणाऱ्या वंगण जेलमध्ये घोटली. त्यातून अडीच टक्क्यांचं जेल होतं. चाळीस मिली, हातमोज्याची बोटं भरायला पुरेसं.

आधी वाहत्या पाण्याखाली पुन्हा पंधरा मिनिटं हात धरला. दहा तासांनी त्याचा किती उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. पण कातडीवर मलम आणि तेल होतं, आणि तेलावर पाण्यातलं जेल बसत नाही. मग मी स्वतः हातमोजे घालून त्याच्या दोन्ही बोटांना जेल चोळलं, उरलेलं एका स्वच्छ हातमोज्याच्या बोटांमध्ये भरलं आणि त्याचा हात त्यात घातला. दर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेरून चोळत राहायचं.

मधल्या बोटाचा ठणका पंचवीस मिनिटांत उतरला. त्याने डोळे पुसले आणि आईला म्हणाला, "हे गेलं गं." तर्जनीच्या पोटाकडचा भागही थोडा हलका झाला. नखाखाली मात्र जैसे थे.

का, ते नखाकडे पाहिलं की कळतं. नख आपल्याला ढाल वाटतं, पण या अ‍ॅसिडाला नखाच्या पुढच्या फटीतून आणि कडेच्या मऊ कातडीतून वाट मिळते. कॅल्शियमचं जेल मात्र नखातून आरपार जात नाही. अ‍ॅसिड आत, औषध बाहेर. मी नख जमेल तेवढं मागेपर्यंत कापलं, फटीत जेल सारलं, पुन्हा चोळलं. पावणेतीनला मी त्याला विचारलं, दहापैकी किती? "नऊ." सव्वातीनला, "आठ असेल." हा आठ त्याने माझ्यासाठी म्हटला होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पावणेचारला मी त्याला प्लास्टिक सर्जन आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात घेऊन निघाले. मामांची स्कूटर पुढे, आम्ही रिक्षात, त्याचा हात जेलच्या मोज्यात माझ्या मांडीवर. फोटोची एक प्रत आधीच पाठवली होती.

रुग्णालयात

पहिल्यांदा ईसीजी. हे बोटाच्या जखमेला कशाला, असं मामांनी विचारलं. फ्लोराइड रक्तात पुरेसं शिरलं तर रक्तातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खाली जातं, पोटॅशियम वर जातं, आणि हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. तीव्र अ‍ॅसिड तळहाताएवढ्या जागेवर सांडलं तरी ही भीती धरावी लागते. इथे जागा दोन बोटांच्या टोकांएवढी आणि अ‍ॅसिड सौम्य, म्हणून शक्यता कमीच होती. ईसीजीतलं क्यूटी अंतर, कॅल्शियम घसरलं की लांबणारं, नेहमीसारखं होतं, रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम ठीक. तरी सकाळी दोनदा पुन्हा तपासलं.

मग नखाचा प्रश्न. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी नख काढायची तयारी केली होती. जुन्या पद्धतीप्रमाणे ते बरोबरच होतं: नख उचला, खालच्या गादीला थेट जेल लावा किंवा औषध टोचा. पण नख काढायचं म्हणजे बोट बधिर करणं आलं, उघडी गादी आली, आणि नवं नख वाकडं येण्याची टांगती तलवार. साडेपाचला वरिष्ठ सर्जन आले आणि भूलतज्ज्ञांना बोलावलं. दोन वाटा होत्या. एक, दंडाला पट्टा आवळून हाताच्या शिरेत पातळ केलेलं कॅल्शियम भरायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं तिथेच कोंडून ठेवायचं. दुसरी, मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून तेच औषध हळूहळू सोडायचं, म्हणजे रक्ताच्या वाटेनेच ते नखाच्या गादीपर्यंत खालून पोहोचतं. जी वाट वरून बंद होती ती अशी खालून उघडते.

त्यांनी धमनी निवडली. कारण मला पटलं: पट्टा सोडला की औषध निघून जातं आणि ठणका परतला तर सगळं पुन्हा करावं लागतं, नळी एकदा बसली की दुसऱ्यांदा देता येतं. जोखीम तिलाही आहे, धमनी आकसू शकते, गुठळी होऊ शकते, म्हणून आधी हाताला दुसऱ्या धमनीतून पुरेसं रक्त मिळतंय ना हे तपासलं आणि मॉनिटर लावला. १० टक्क्यांचं १० मिली कॅल्शियम ग्लुकोनेट ४० मिली पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, पंपाने चार तासांत. इथे क्लोराइड चालत नाही. कॅल्शियम क्लोराइड बोटाच्या पेशींना स्वतःच इजा करतं, आणि कपाटात दोन्ही अँप्यूल शेजारी असतात.

पहिल्या तासात तो गप्प झाला. दुसऱ्या तासात झोपला. मी ओपीडीसाठी परत आले, तोवर आईचा फोन आला: "झोपलाय तो, उठवू का?" दुपारी ठणका दहापैकी एक-दोनवर होता. संध्याकाळी तो पुन्हा दहापैकी पाचवर गेला, म्हणून रात्री दुसऱ्यांदा चार तास औषध दिलं. त्यानंतर ठणका परत आला नाही. नळी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. नख जागेवरच राहिलं.

परिणाम

टोकावरचा पांढरा डाग आठवड्याभरात काळा पडला, मग सुकून खपली झाली, आणि साधारण चार आठवड्यांनी खालून नवी कातडी आली. तिसऱ्या आठवड्यात नखाचा पुढचा भाग गादीपासून सुटला, तो कापत गेलो. हाताचं नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं यायला साडेपाच महिने लागले. मधोमध एक बारीक उभी रेघ आहे, बाकी सरळ आहे. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेमध्ये टोकाचं हाड शाबूत होतं. फ्लोराइड हाडापर्यंत पोहोचलं असतं, तर तिथे हाड विरळ झालेलं दिसलं असतं. तर्जनीचं टोक थोडं बधिर राहिलं आहे आणि थंडीत झोंबतं. मोबाइलवर अक्षरं टाइप करताना ते बोट चुकतं, असं तो सांगतो.

पाच आठवडे पगार अर्धा मिळाला. रुग्णालयाचं बिल शेठनी भरलं, तेही दोन हप्त्यांत आणि पुढे कुठे बोलू नका असं सांगून. मी त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी चहा दिला, आणि मी बोलत होते तोपर्यंत समोर दोन मुलं उघड्या मनगटांनी पेस्ट मारत होती. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं तेव्हा शेठ उठले आणि त्यांना थांबवलं. आता तिथे निओप्रिनचे लांब हातमोजे आहेत, एक लांब दांड्याचा ब्रश कोपऱ्यांसाठी आहे, आणि डब्याच्या लेबलाचा मोठा फोटो प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावला आहे. मोज्यांना भोक आहे का हे पाण्याने भरून रोज पाहायचं ठरलं होतं. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते होत नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा बदल शेडमध्येच होऊ शकला असता, साडेचार वाजता. पेस्टचं काम करणाऱ्याने मोजा काढल्यावर आतून ओला लागला, तर दुखो वा न दुखो, अ‍ॅसिड लागलंय असं धरून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, तिथेच जेल लावायचं आणि डब्याचा फोटो घेऊन दवाखाना गाठायचा. जेलची एक नळी पेस्टच्या डब्याशेजारीच हवी. दुखेपर्यंत थांबायचं म्हटलं तर या अ‍ॅसिडात उशीर ठरलेलाच.

घरी हळद-तेल लावलं, यात आईचा दोष नाही. मला तिला हे अनेकदा सांगावं लागलं, कारण ती अजून स्वतःला बोल लावते. लेपाने खूण झाकली जाते आणि औषधाला वाट मिळत नाही, एवढं मात्र पुढच्यांनी लक्षात ठेवावं. त्यांच्या शेजारच्या काकांनी नंतर विचारलं, कॅल्शियमच हवं तर पानाचा चुना लावला असता तर? लावू नये. चुना स्वतःच कातडी जाळणारा आहे. काहीच मिळत नसेल तर कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या कुटून पाण्यातल्या जेलमध्ये कालवून लावल्याच्या नोंदी आहेत. रुग्णालयात पोहोचेपर्यंतची ती सोय आहे. डोळ्यात, चेहऱ्यावर गेलं असेल, वाफ छातीत गेली असेल किंवा तळहाताएवढी जागा भाजली असेल, तर पाण्याने धूत थेट अतिदक्षता विभाग गाठायचा, जेल घोटत बसायचं नाही.

नर्सिंग होममध्ये गेलेले साडेतीन तास एका प्रश्नाने वाचले असते. नखुरडं साधारण एक-दोन दिवस घेऊन पिकतं. हा ठणका संध्याकाळी सुरू होऊन दोन तासांत असह्य झाला होता, आणि दोन बोटांत एकदम होता. दोन बोटांना एकाच संध्याकाळी नखुरडं होत नाही. हे मला आज शांतपणे लिहिता येतं, पण रात्री सव्वादहाला भरलेल्या ओपीडीत मलाही सुचलं असतं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

आणि माझी चूक. मधल्या बोटाला पंचवीस मिनिटांत आराम पडला आणि नखाखाली पडला नाही, तेव्हाच सव्वादोन-अडीचला निर्णय व्हायला हवा होता. जेल नखातून जाणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी सव्वा तास चोळत बसले, कारण मधल्या बोटाच्या यशाने मला धीर आला होता, आणि खरं सांगायचं तर रात्री तीनला त्या आईला पुन्हा रिक्षात बसवायचं माझ्या जिवावर आलं होतं. माझ्या लेखी आता नियम पक्का आहे: नखाखाली करडी छटा दिसली की जेल लावायचं आणि त्याच मिनिटाला पुढे फोन करायचा. ते वाटेत चोळता येतं.

भूल न देण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. पण मुलगा खोटा आकडा सांगू शकतो, हे धरून घेईन. डॉक्टरबाई रात्रभर बसली आहे म्हणून त्याने मला एक गुण कमी करून दिला. पुढच्या वेळी आकडा विचारण्याऐवजी मी त्याला दुसऱ्या हाताने पाण्याचा पेला उचलायला सांगेन आणि चेहरा बघेन.

आठ दिवसांनी मी त्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांना फोन केला. तक्रार म्हणून नव्हता केला, आणि त्यांनीही तसा घेतला नाही. सगळं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, दोन वर्षांपूर्वी गाडीच्या अलॉय चाकांची सफाई करणारा एक मुलगा आला होता, तीन बोटं, असाच ठणका. मी चिरा दिला, पू निघाला नाही. त्याची दोन नखं गेली, पुढे तो कुठे गेला माहीत नाही. त्यांनी कागद घेतला आणि विचारलं, जेल कसं बनवलंत? मी सांगितलं: दहा टक्क्यांची दहा मिली, तीस मिली जेलमध्ये. ते लिहून घेत असताना मला पेनचा आवाज ऐकू येत होता.